बाबांचा पूर्वपक्ष

हेडाऊ सरांनी पिशवीतून संत्री काढून टेबलावर ठेवली, तेव्हाच माझी निम्मी आशा संपली. अचलपुरात संत्री! दिवाळीनंतरच्या दिवसांत आमच्याकडे संत्री कुणी विकत घेत नाही. कुणाच्या ना कुणाच्या मळ्यातून टोपलीभर येऊन पडतात, आणि घरात खाणारं कुणी नसलं की सुकून जातात. सरांनी ती स्टँडवरून घेतली होती, आणि सांगेल तो भाव देऊन घेतली असणार. कुठं काय न्यावं हे ज्या माणसाला कळत नाही, तो माझ्या बाबांना काय पटवणार?

बाबांनी संत्र्यांकडे पाहिलं, मग सरांकडे.

"काहून तरास घेतला, सर? आमच्या इथी संत्र्याईले तोटा नाही."

"रिकाम्या हातानं कसं यायचं," सर म्हणाले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मी चहा ठेवायला आत गेले.

त्यांना मीच बोलावलं होतं. एसटीडी बूथवरून फोन करून, मागं रांग लागलेली असताना. "सर, तुम्ही बाबांशी बोलाल का? तुम्ही बोललात तर ते ऐकतील." सर म्हणाले होते, "बोलेन. पण आधी मला त्यांचं ऐकावं लागेल." त्यातलं 'बोलेन' एवढंच मी ऐकलं होतं.

त्या वेळी मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय तत्त्वज्ञान. पहिल्या वर्षी सुरुवातीचे दोनेक महिने वर्गात आम्ही तिघं होतो. एकाला बँकेत नोकरी लागली, एकीचं लग्न लागलं, आणि मला काहीच लागलं नाही म्हणून मी राहिले. पुढच्या वर्षी खालच्या वर्गात कुणी प्रवेशच घेतला नाही. अख्ख्या विभागात विद्यार्थी म्हणून मी एकटी, प्राध्यापक म्हणून हेडाऊ सर एकटे, आणि एक शिपाई, जो बहुतेक वेळ शेजारच्या राज्यशास्त्रात जाऊन बसे, कारण तिथं चहा व्हायचा.

सर तरीही हजेरी घ्यायचे. "ललिता रासने?" "हजर, सर." मग पुढचं नाव असल्यासारखे क्षणभर थांबायचे आणि हजेरीपट मिटायचे. शिकवायचे उभं राहून. नजर डावीकडच्या रिकाम्या बाकांवरून उजवीकडच्या रिकाम्या बाकांपर्यंत फिरवायचे, मधे कुठंतरी मी लागायचे. पहिले काही दिवस मला हसू यायचं. मग ही गंमत कुणाला तरी सांगावी असं वाटायला लागलं, आणि सांगायला कुणी नव्हतं. वसतिगृहातल्या माझ्या मजल्यावरच्या मुली सगळ्या फार्मसीच्या नाहीतर इंजिनिअरिंगच्या. "तत्त्वज्ञान म्हणजे पुढं तू मठ काढणार का गं?" एवढं विचारून त्या आपापल्या जर्नलकडे वळायच्या. कितीतरी दिवस असे गेले की सरांच्या तासाला मी दिवसातलं पहिलं वाक्य बोलले. घरी मात्र मी सांगून ठेवलं होतं की वर्गात चौदा-पंधरा जण आहेत, मैत्रिणी सहलीला जातात आणि खूप मजा येते. आईला तेवढाच दिलासा.

एवढं असून मला तिथून हलायचं नव्हतं, ते नीतिशास्त्राच्या तासामुळं. शनिवारचा तास वादाचा असे. जुन्या शास्त्रकारांची रीत सर अगदी कडक पाळायचे. ज्याच्याशी आपलं पटत नाही, त्याची बाजू आधी आपण मांडायची. तो पूर्वपक्ष. आणि मांडायची ती अशी, की त्यानं स्वतः म्हणावं, हो, हेच माझं म्हणणं. तोवर आपल्याला उत्तर द्यायचा हक्क नाही. एकदा 'वेळप्रसंगी खोटं बोलावं' म्हणणाऱ्याची बाजू त्यांनी मला दिली आणि लागोपाठ तीन शनिवार परत पाठवली. "हे तू बुजगावणं उभं केलंस, ललिता. ते पाडायला काय अक्कल लागते? माणूस उभा कर." मी रडकुंडीला आले. चौथ्या शनिवारी मात्र त्यांनी मान डोलावली, खडू खाली ठेवला आणि विचारलं, "आता बोल. तुला काय वाटतं?" आणि खरंच थांबले. मला काय वाटतं हे ऐकायला एक पांढऱ्या केसांचा माणूस थांबून राहिला होता. त्या दिवशी मी वसतिगृहापर्यंत अक्षरशः पळत गेले.

पहिलं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात आई गेली. मी जूनमध्ये परत गेले, बाबा काही म्हणाले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, आणि सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी बाबांनी दुकानातल्या भांड्यांवरची धूळ झटकता झटकता सांगून टाकलं, "आता पुरे झालं शिकनं. जाचं नाही." मी भांडले, रडले, एक दिवस जेवले नाही. बाबांचं एकच पालुपद: नोकरी कुठं आहे? मी गेले नाही तर माझं शिक्षण तर संपणारच होतं, पण विभागाचंही काही खरं नव्हतं. विद्यार्थीच नसलेला विभाग कोण चालू ठेवणार? हे सरांनी मला कधी सांगितलं नव्हतं, शिपायानं सांगितलं होतं.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा बाबांनी बोलायला सुरुवात केली होती.

"तुमी शिकलेले मानसं, सर. तुमीच सांगा, हे शिकून पोरगी करनार काय? कोनती नोकरी भेटते? सोयरीक पाहाले गेलो तं लोक इचारतात, पोरगी काय शिकते. म्या सांगतलं का थे म्हनतात, म्हंजे कीर्तन करते काय?"

मी आशेनं सरांकडे पाहिलं. या प्रश्नाची उत्तरं मी त्यांना फोनवर पढवून ठेवली होती. प्राध्यापकी, स्पर्धा परीक्षा, गेला बाजार बी.एड. त्यातलं एक जरी त्यांनी ठणकावून सांगितलं असतं तरी पुरे होतं.

सरांनी कप खाली ठेवला. "रासनेभाऊ, तुमचं म्हणणं मला आधी नीट समजून घेऊ द्या. तुमच्या वतीनं मीच ते मांडून पाहतो. चुकलं की अडवा."

नको सर, मी मनात म्हटलं, इथं नको.

"मांडा ना," बाबा म्हणाले. त्यांना गंमत वाटली असावी. आमच्या भांड्यांच्या दुकानात दिवसभर लोक बाबांचं म्हणणं खोडून काढायलाच येतात. गिऱ्हाईक म्हणतं पातेलं पातळ आहे, बाबा म्हणतात जाड आहे. कुणी आपणहून त्यांची बाजू मांडायला आल्याचं हे पहिलंच उदाहरण.

सर उभे राहिले. आमच्या त्या एवढ्याशा बैठकीत, वर्गात राहतात तसेच. बाबा, मी आणि कोपऱ्यातलं कपाट, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली.

"माझी मुलगी हुशार आहे. म्हणूनच मला वाटतं, तिनं पोटापाण्याचं काही शिकावं. मी आज आहे, उद्या नाही. माझ्यामागं हिला कुणापुढं हात पसरायला लागू नये. ज्या विद्येला बाजारात कुणी विचारत नाही, तिच्यात तिची उमेदीची वर्षं का घालवू? बाप म्हणून हे माझं कर्तव्य आहे." ते थांबले. "हेच म्हणणं तुमचं?"

"बराबर," बाबा खूश झाले. "थेच."

चला, पूर्वपक्ष झाला. आता सर एकेक मुद्दा घेतील आणि आडवा करतील. मी ओढणी सावरून बसले. पण सर बाबांकडेच बघत राहिले, आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. ही मान मला त्या तीन शनिवारांपासून ओळखीची होती.

"नाही," ते म्हणाले. "हे उभं राहत नाही."

"काहून?"

"नोकरीची काळजी असती तर ती दीड वर्षापूर्वीही असती. तेव्हा तुम्ही हिला सोडायला स्वतः आला होता. माझ्या हातात तांब्या ठेवलात, माझं नाव घातलेला. म्हणालात, पोरीकडे लक्ष द्या. तत्त्वज्ञानाला नोकरी तेव्हाही नव्हतीच."

"तवा तिची माय होती," बाबा म्हणाले.

सर हळूच खुर्चीत बसले. त्यांना बसून बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आता ते खोलीभर बघत नव्हते, फक्त बाबांकडे बघत होते.

"मग मी पुन्हा मांडू का?"

बाबांनी चहाचा कप बाजूला सारला.

"दुकान बंद केल्यावर मला वर घरात यावंसं वाटत नाही," सर म्हणाले. "मी शटर अर्धं ओढून आतच बसतो. भांडी पुसतो. पुसलेलीच पुन्हा पुसतो. खानावळीत जेवून येतो, तिथले लोक विचारतात भाजी कशी आहे, मी सांगतो चांगली आहे. दिवसभर माझ्याशी शंभर माणसं बोलतात, पण ती भांड्यांविषयी बोलतात. बायको होती तोवर मी घरात फारसा बोलत नव्हतो, तीच बोलायची. आता कळतं की तिचं ते बोलणं म्हणजेच घर होतं. दिवाळीला मुलगी आली. जिन्यात दिवा दिसला, आत भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मला जेवण गोड लागलं. ती परत गेली की पुन्हा तेच. पण मुलीला 'मला करमत नाही, तू जाऊ नकोस' असं कसं म्हणायचं? बापानं असं मागू नये. म्हणून मी नोकरीचं म्हणतो."

खाली रस्त्यावर कुणाचा तरी भोंगा वाजत होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांगतलं यायले?"

मी मानेनंच नाही म्हटलं. मी काय सांगणार? दिवाळीपासून मी या घरात होते आणि यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी माझ्या रडण्यात होते.

"तिनं नाही सांगितलं," सर म्हणाले. "संध्याकाळी विभाग बंद होतो, शिपाई जातो. मी बसून असतो. घरी गेलं की आपलं कुलूप आपणच उघडायचं असतं." मग म्हणाले, "हेच म्हणणं ना तुमचं?"

बाबांनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. पाणी नसताना पुसतात तसं. "हाव," ते म्हणाले. "हेच."

इतकं झाल्यावर आता उत्तर. मी सरांच्या तोंडाकडे डोळे लावून बसले. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर अडून राहिलं होतं.

"याला माझ्याकडे उत्तर नाही, रासनेभाऊ."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. वकील मी लावलेला, आणि त्यानं खटला जिंकून दिला समोरच्याला! पाच तास एसटीत हाडं खिळखिळी करून हा माणूस एवढ्यासाठी आला होता? मला इतका संताप आला की गुरू-शिष्य वगैरे सगळं मी विसरले.

"सर, तुम्ही माझ्यासाठी आला होता ना?"

"हो."

"मग काहीतरी बोला ना! असं कसं उत्तर नाही?"

"काय बोलू, ललिता? असं वाटणं चूक आहे म्हणून सांगू? ते चूक नाही." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. त्यांचंही नुकसान होत होतं, हे त्या रागातही माझ्या लक्षात आलं. एक विद्यार्थिनी होती, तीही ते स्वतःच्या हातानं घालवून बसले होते. "उत्तर असलंच तर तुझ्याकडे असेल. ते मी देऊ शकत नाही."

बाबा माझ्याकडे बघत होते. हरलेल्या माणसाकडे बघावं तसं नाही, उलट थोडं घाबरून. नोकरीच्या मुद्द्यावर मी त्यांच्याशी महिनाभर भांडू शकले असते. पण हे आता जे समोर उभं होतं, त्याच्याशी कसं भांडायचं?

"बाबा," मी म्हटलं, "म्या तुमाले खोटं सांगतलं होतं. वर्गात पंधरा पोरं नाहीत."

"मंग किती हायेत?"

"मीच हाव. एकटी."

बाबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली, वर्ग रिकामा असणं हा त्यांचाच गुन्हा असल्यासारखी.

"एकटी? आन थ्या तुह्या मैतरनी? सहलीले गेल्या होत्या थ्या?"

"कोनी नाही, बाबा. आईले बरं वाटावं म्हून सांगत होती. तिथी मीही दिवसदिवस कोनाशी बोलत नाही. खोलीवर येते, जेवते, निजते."

"अवो बाप्पा." बाबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि ते पाहून मला भीती वाटली. "मंग तं सोपं झालं! तिथीही एकटी, इथीही मी एकटा. एकटंच राहाचं असंन तं घरी राह्य ना, लले. दोघं मिळून राहू."

बिनतोड होतं. सरांच्या वर्गात हे कुणी मांडलं असतं तर त्यांनी खडू खाली ठेवला असता. मला रडू फुटलं, आणि रडता रडताच मी बोलायला लागले, कारण थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते.

"तसं नाही, बाबा. तिथी मी एकटी असली तरी कोनीतरी मले इचारते. तुले काय वाटते, म्हून इचारते. आन मी बोलेपर्यंत थांबते. इथी..."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण समोर बाबा बसले होते, नुकतंच ज्यांचं सगळं आतलं बाहेर काढून टेबलावर ठेवलं गेलं होतं, आणि ते वाक्य त्यांना मारायचं माझ्यात बळ नव्हतं. मी तिथंच थांबले.

बाबांनीच ते पुरं केलं.

"इथी कोनी इचारत नाही," ते म्हणाले. अगदी सावकाश, एकेक शब्द तपासून घेत. "मायनं तुह्यं सगळं केलं, पन इचारलं नाही. म्या तं काहीच नाही केलं. जा म्हनलं तं गेली, राह्य म्हनलं तं राह्यली, असंच धरलं म्या." मग सरांकडे एकदा बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हेच म्हननं ना तुह्यं?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. नाही बाबा, तसं नाही, तुमचं काही चुकलं नाही. सर तिथं नसते तर कदाचित म्हटलंही असतं.

"हाव," मी म्हटलं.

बाबांनी ते ऐकून घेतलं. रागावले नाहीत. टेबलावरचं एक संत्रं उचललं, हातात फिरवलं, परत ठेवलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग आता इचारतो. तुले काय वाटते? जाव का राहाव?"

आयुष्यात पहिल्यांदा ते मला काहीतरी विचारत होते. आणि ते थांबले होते. घाई करत नव्हते, डोळे वटारत नव्हते, सरांकडेही बघत नव्हते. आता मी इतकी वर्षं हाच विषय शिकवते आहे, पुष्कळ पोरापोरींना मी हा प्रश्न विचारला आहे, पण त्या दुपारी बाबांनी विचारला तसा मला अजून विचारता आलेला नाही. तोवर मला वाटत होतं की मला अडवणारं कुणीतरी आहे. बाबा आहेत, नशीब आहे, नोकऱ्यांचा दुष्काळ आहे. आता कुणीच अडवत नव्हतं. जायचं तर मी जाणार होते, आणि या माणसाला इथं ठेवून जाणार होते. वसतिगृहाच्या खोलीतसुद्धा मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"जाव वाटते, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी मान डोलावली.

"आन मी काय करू?"

हा टोमणा नव्हता. मी बाबांना चांगली ओळखते, टोमणा मारताना त्यांची डावी भुवई चढते. ते खरोखरच विचारत होते, माहीत असलेल्या माणसाला विचारावं तसं, आधी मला आणि मग सरांना. खोलीत नीतिशास्त्र शिकलेली दोन माणसं होती.

"माईत नाही, बाबा," मी म्हटलं.

"हं."

ते उठले. मला वाटलं, खाली दुकानात जातील आणि शटर ओढून बसतील. पण ते आत गेले, स्वयंपाकघरात. फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला, मग डब्याची झाकणं उघडल्या-मिटल्याचे आवाज, एकामागून एक, हवा तो डबा सापडत नसल्यासारखे. आमच्या बाबांनी अख्ख्या अचलपुराला पातेली विकली होती, आणि एकही पातेलं कधी चुलीवर ठेवलं नव्हतं. सर चोरट्यासारखे उठून उभे राहिले, काय करावं न सुचून पुन्हा बसले.

नळ सुरू झाला आणि बंद झाला. मग आतून हाक आली, दुकानातून गिऱ्हाइकाला भाव सांगतात तशा साध्या आवाजात.

"लले, एका मानसाच्या भाताले पानी किती लागते वं?"

मी डोळे पुसले आणि दाखवायला आत गेले.